रोस्किल्डच्या खाडीतली पाच जहाजं

इसवी सन १०७०च्या सुमारास डेन्मार्कमधल्या रोस्किल्डच्या लोकांनी आपल्याकडची जुनी जहाजं खाडीत नेली, त्यांत दगड भरले आणि ती बुडवून टाकली. समुद्राकडून रोस्किल्डला यायचं तर एका लांबलचक, उथळ, वळणावळणाच्या खाडीतून यावं लागतं. शहराच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, स्कुल्देलेव नावाच्या गावाजवळ, ही जलवाट अरुंद होते. अडसर नेमका तिथेच घातला. चाल करून येणाऱ्या परक्या आरमाराला शहर गाठता येऊ नये, एवढाच हेतू. हे काम एका दमात झालं नाही. आधी तीन जहाजं गेली, नंतर अडसर पक्का करायला आणखी दोन.

पुढे नऊशे वर्षं ती पाण्याखाली पडून होती. तिथे काहीतरी आहे हे कोळ्यांना ठाऊक होतं. मार्गारेट राणीनं इथे जहाज बुडवलं, असं ते पिढ्यान्पिढ्या सांगत आले होते. ही राणी १४००च्या आसपासची, म्हणजे दंतकथा तीनशे वर्षांनी चुकली होती, पण जागा अचूक होती. १९६२च्या उन्हाळ्यात खाडीतच पोलादी पत्र्यांचं कुंपण ठोकून आतलं पाणी उपसण्यात आलं आणि ओलाफ ओल्सेन व ओले क्रुमलिन-पेडरसेन यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं. भिजलेलं लाकूड वाळलं की आक्रसतं, तडकतं. म्हणून माणसं चिखलात पालथी पडून काम करत होती आणि अंगावर, लाकडावर सतत पाण्याचे फवारे चालू होते. हजारो तुकडे निघाले. सुरुवातीला सहा जहाजं आहेत असं वाटलं. मग लक्षात आलं की दोन आणि चार नंबरचे अवशेष एकाच प्रचंड लांब जहाजाचे आहेत. त्यामुळे आजही क्रमांक १, २, ३, ५ आणि ६ असेच लावलेले आहेत. चार नंबर नाहीच.

कोपनहेगनहून रोस्किल्डला आगगाडीनं अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. माझी भाची कोपनहेगनमध्ये नोकरीला आहे. तिला घेऊन गेले. स्टेशनवरून बाजारपेठेतून चालत निघालं की आधी लाल विटांचं कॅथीड्रल लागतं. डेन्मार्कचे राजे-राण्या तिथे चिरनिद्रा घेतात, युनेस्कोच्या यादीतली ही वास्तू आहे. पण त्या दिवशी माझे पाय तिथे थांबेनात. कॅथीड्रलच्या मागून हिरवळीचा उतार थेट खाडीपर्यंत जातो. खाली पाण्याच्या कडेला वायकिंग जहाजांचं संग्रहालय.

१९६९ साली उघडलेली ही काँक्रीटची इमारत एरिक क्रिश्चन सोरेनसेन या वास्तुरचनाकाराची. बाहेरून ती रुक्ष दिसते. आत गेलं की कळतं, त्यानं सगळी जागा जहाजांसाठी आणि पाण्यासाठी मोकळी सोडली आहे. खाडीच्या बाजूची भिंत काचेची. जहाजांच्या काळ्याभोर फळ्या लोखंडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर ठेवल्या आहेत. जिथे फळी हरवली आहे तिथे नुसत्या पट्ट्या जहाजाचा आकार पुरा करतात. त्या रिकाम्या पट्ट्यांतून मागे पाणी दिसत राहतं. पाण्याची ही जवळीक धोक्याचीही आहे. डिसेंबर २०१३च्या वादळात खाडी इतकी चढली की ही जहाजं पुन्हा बुडतात की काय, अशी वेळ आली होती.

वायकिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती ड्रॅगनच्या तोंडाची लांब नाव, काठाला ओळीनं लावलेल्या ढाली आणि शिंगांचं शिरस्त्राण घातलेली माणसं. शिंगांचं शिरस्त्राण त्यांनी लढाईत घातल्याचा काहीही पुरावा नाही. तो विषय इथेच सोडते. लांब नाव मात्र खरी. लाँगशिप म्हणून तिची एवढी कीर्ती झाली की तिची भावंडं झाकोळली गेली. रोस्किल्डला ती भावंडांसह भेटते आणि म्हणून इथे ती नीट समजते.

एक नंबर आणि दोन नंबर ही जहाजं शेजारी-शेजारी मनात ठेवून पाहावीत. एक नंबरचं जहाज मालवाहू. १०३०च्या सुमारास पश्चिम नॉर्वेत, सोग्नेफ्योर्डच्या परिसरात, मुख्यतः पाइनच्या लाकडातून बांधलेलं. लांबी १६ मीटर, रुंदी जवळजवळ ५. पोट खोल आणि गोल. सुमारे २४ टन माल घेऊन ते उत्तर अटलांटिकमध्ये जाई, आणि चालवायला सहा ते आठ माणसं पुरत. वल्ही थोडीच, बंदरात शिरता-निघताना लागतील तेवढी. बाकी सगळी भिस्त शिडावर. आइसलँड आणि ग्रीनलँडमध्ये वस्ती झाली ती अशाच जहाजांतून गुरं, मेंढ्या, धान्य, लाकूड आणि पोरंबाळं नेऊन.

दोन नंबर म्हणजे लाँगशिप. लांबी ३० मीटर आणि रुंदी अवघी ३.८! लांबी रुंदीच्या आठपट. साठ वल्ही, ६५ ते ७० माणसं. आणि एवढ्या मोठ्या जहाजाला तरंगायला पाणी लागे जेमतेम मीटरभर, म्हणजे माणसाच्या कमरेएवढं. माल ठेवायला जागा जवळजवळ नाहीच. माणसं हाच त्याचा माल. पटकन पोचवायची, किनाऱ्यावर उतरवायची, आणि अंगावर आलं तर तितक्याच पटकन परत उचलायची. या जहाजाचा जेमतेम चौथा भाग शिल्लक आहे, तरी दालनात सर्वांत जास्त जागा तेच व्यापतं. त्याच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे पाहताना अरुंदपणाची खरी जाणीव होते. एवढी माणसं यात रात्रंदिवस कशी राहत असतील? छप्पर नाही, खोली नाही, पाठ टेकायला शेजाऱ्याचे गुडघे.

या जहाजाच्या ओक लाकडातली वाढीची वलयं मोजून, इतर लाकडांशी ताडून पाहिली, तेव्हा निघालेलं उत्तर कुणालाच अपेक्षित नव्हतं. झाडं १०४२ साली तोडलेली होती आणि ती डेन्मार्कमधली नव्हतीच. ती आयर्लंडमधली, डब्लिनच्या परिसरातली होती. डब्लिन हे तेव्हा वायकिंगांनी वसवलेलं भरभराटीचं बंदर होतं. म्हणजे आयर्लंडच्या रानातला ओक, नॉर्डिक सुतारांचे हात आणि शेवट डेन्मार्कच्या खाडीत. त्या काळच्या समुद्रावर माणसांची आणि विद्येची केवढी ये-जा होती, ते या एका जहाजात दिसतं.

मला सर्वांत जास्त वेळ खिळवून ठेवलं ते पाच नंबरनं. हीदेखील लाँगशिपच, पण छोटी: १७ मीटरच्या थोडी वर, रुंदी अडीच मीटर, वल्ही २६, माणसं तीसेक. १०३०च्या सुमाराला डेन्मार्कमध्येच बांधलेली. हिच्या फळ्यांत ओक आहे, पाइन आहे, ॲशही आहे. वरच्या फळ्या दुसऱ्या कुठल्यातरी जहाजातून काढून इथे बसवलेल्या. त्या फळ्यांना वल्ह्यांची भोकं आधीचीच होती आणि ती इथल्या बैठकीशी जुळत नव्हती. मग जुनी भोकं लाकडाचे तुकडे ठोकून बुजवली आणि शेजारी नवी पाडली. मी काचेच्या बाजूनं वाकून ते ठिगळ पाहिलं. त्यापुढे ठिगळांवर ठिगळं. जहाज झिजलं, डागडुजी झाली, पुन्हा झिजलं, पुन्हा डागडुजी. राजानं हाक दिली की प्रत्येक भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून एक जहाज आणि त्यावरची माणसं पुरवायची, अशी पद्धत त्या काळी या देशांत होती. हे त्यातलंच असावं, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. आणि ते ठिगळ पाहिल्यावर मला ते पटतं. आयर्लंडचं ते ३० मीटरचं जहाज एखाद्या सरदाराच्या किंवा राजाच्या ऐश्वर्याचं. हे मात्र कर म्हणून भरलेलं, हाताशी असेल त्यातून भागवलेलं, गावकीचं.

उरलेली दोन लहान. तीन नंबर म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्यानं चार-पाच टन माल नेणारी देखणी डेनिश नाव. पाचांत सर्वांत जास्त शाबूत तीच आहे, जवळजवळ तीन चतुर्थांश. सहा नंबर नॉर्वेतली मासेमारीची नाव, जिला पुढे कुणीतरी एक फळी वाढवून काठ उंच केला आणि मालवाहतुकीला जुंपलं. पाचही जहाजं एकाच रीतीनं बांधलेली आहेत. तीच फळी, तोच खिळा, तोच बाक. पोट किती फुगवायचं, लांबी किती ताणायची, वल्ही किती ठेवायची, एवढ्यावर ठरतं की हे जहाज मासे आणणार, लोकर नेणार की माणसं मारायला जाणार.

ती रीत कशी, हे संग्रहालयाच्या शेजारच्या आवारात पाहायला मिळतं. इथे जुन्या हत्यारांनी, जुन्या पद्धतीनं नावा बांधायचं काम चालू असतं. पाचही जहाजांच्या प्रतिकृती इथल्याच सुतारांनी घडवल्या आहेत. आवारात शिरताच नाकात डांबराचा वास भरतो. हे रस्त्यावरचं डांबर नव्हे. पाइनची मुळं आणि खोडकं मंद आचेवर कोंडून जाळली की जो काळसर-तांबूस रस गळतो, तो. त्याला धुराचा आणि राळेचा मिळून एक वास असतो, कपड्यांतून लवकर जात नाही.

एक सुतार ओकचा ओंडका फोडत होता. फोडतच होता, कापत नव्हता. करवत इथे नाहीच. ओंडक्याच्या तोंडावर आधी बारीकशी फट पाडायची, तिच्यात पाचर ठोकायची, मग फट पुढे सरकेल तशी आणखी पाचरी. प्रत्येक घावानंतर तो थांबून ऐकत होता. ओंडक्यातून आधी बारीक कुरकुर येते, मग एकदम मोठा आवाज होऊन ओंडका दुभंगतो. अर्ध्याचे पाव, पावाचे अर्धपाव, असं करत मध्यापासून सालीपर्यंतच्या लांब पाकळ्या निघतात. मग कुऱ्हाडीनं तासून त्यांची फळी. हे सगळं ओल्या लाकडावर, झाड पाडल्यावर लवकरच, कारण ओला ओक मऊ असतो आणि वाकतो.

“करवतीनं काम लवकर नाही का होणार?” भाचीनं त्याला डेनिशमधून विचारलं. त्यानं उत्तरादाखल एक पातळ ढलपी उचलली आणि दोन्ही टोकं धरून वाकवली. ती कमानीसारखी वाकली, तुटली नाही. करवत सरळ रेषेत जाते, झाडाचे धागे जिथे वळतात तिथे ती त्यांना कापून टाकते. पाचर धाग्यांच्या मधून वाट काढते, धागा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतो. म्हणून फळी दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची असली तरी समुद्राचा मार सोसते. सगळी करामत यात आहे. फळी पातळ म्हणून जहाज हलकं. हलकं म्हणून ते कमी पाण्यात चालतं. कमी पाण्यात चालतं म्हणून त्याला बंदर लागत नाही, कुठलीही पुळण चालते.

जोडणीही तशीच. आधी कणा, मग पुढचा आणि मागचा कमानदार खांब, मग त्यावर एकेक फळी. घरावर कौलं बसवतात तशी प्रत्येक फळी शेजारच्या फळीच्या काठावर थोडी चढते. चढलेल्या जागी डांबरात बुडवलेला लोकरीचा पीळ घालायचा, भोक पाडायचं, बाहेरून लोखंडी खिळा मारायचा, आतून त्याच्यावर छोटी चौकोनी चकती चढवून टोक ठेचायचं. मोठ्या लाँगशिपला असे ७-८ हजार खिळे लागतात. सुतारानं माझ्या हातात एक चकती ठेवली. अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी असेल. नकाशा नाही, आराखडा नाही. फळ्यांचं कवच आधी उभं राहतं आणि त्या आकाराला जुळतील अशा फासळ्या नंतर आत बसवतात. त्या फासळ्यांसाठी लाकूड वाकवत बसत नाहीत, झाडावरच तसा बाक असलेली फांदी शोधतात. रानात हिंडताना या लोकांना झाडात जहाजाचे अवयव दिसत असणार.

आधी कवच आणि मग फासळ्या ही पद्धत आपल्या किनाऱ्यालाही परकी नाही. कोकण-गोव्यात पूर्वी फळ्यांना भोकं पाडून त्या काथ्यानं शिवत आणि होडी तयार करत. २०२५ साली आपल्या नौदलात दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज गोव्यात असंच शिवून बांधलं. तिथे काथ्या, इथे खिळा. पण जहाजानं लाटेपुढे ताठ राहू नये, थोडं वळावं, हे दोन्हीकडच्या सुतारांना उमगलेलं होतं. नॉर्वेत १८८० साली गोकस्टाड इथे सापडलेल्या जहाजाची प्रतिकृती घेऊन मॅग्नस अँडरसन नावाचा कप्तान १८९३ मध्ये अटलांटिक ओलांडून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला गेला होता. बर्गनहून निघाल्यावर २८ दिवसांत न्यूफाउंडलंड. भर समुद्रात जहाजाचा काठ वीतभर पिळवटायचा आणि तरी पाणी आत येत नसे, असं त्यानं नोंदवून ठेवलं आहे.

लोकांच्या लक्षात सुतार राहतात, लोहार राहतात. शीड कुणी केलं? दोन नंबरच्या जहाजाच्या प्रतिकृतीचं शीड ११२ चौरस मीटरचं आहे, मुंबईतल्या कितीतरी घरांपेक्षा मोठं. वायकिंग काळात शिडं बऱ्याचदा लोकरीची असत. मेंढ्या पाळायच्या, लोकर काढायची, विंचरायची, चातीवर हातानं कातायची, उभ्या मागावर विणायची, पट्टे एकत्र शिवायचे आणि वारा आरपार जाऊ नये म्हणून चरबी नि गेरूसारख्या रंगमातीचं मिश्रण चोळायचं. चरखा तेव्हा युरोपात आलेलाही नव्हता. सूतकताई आणि विणकाम हे बायकांचं काम. एका मोठ्या शिडाला जो वेळ लागे त्यापुढे जहाजाचं सुतारकाम फारसं मोठं वाटत नाही. शीड नसतं तर लाँगशिप खाडीबाहेर फार दूर गेली नसती. लुटीची वर्णनं लिहिणाऱ्यांनी चात्या फिरवणाऱ्या या बायकांबद्दल एक ओळ लिहिली नाही, याची मला चुटपुट लागून राहते.

उन्हाळ्यात इथे पाहुण्यांना पारंपरिक नावेतून खाडीत नेतात, मात्र वल्हवायचं आपणच. नावाडी बाई पंचविशीतली असेल. तिनं आम्हाला जोड्या लावून बसवलं, जाकिटं चढवायला लावली आणि वल्हं कसं धरायचं ते दाखवलं. वल्हं लांब आणि दिसतं त्यापेक्षा जड. ते लाकडी खुंट्याला दोराच्या वेढ्यात अडकवलेलं असतं. जोर लावायचा तो दंडांनी नव्हे, पाय समोर रेटून पाठीनं. पहिली काही मिनिटं वल्ह्यावर वल्हं आपटत होतं. नावाडी बाई म्हणाली, आपल्या वल्ह्याकडे बघू नका, पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघा. त्यानंतर सूर लागला. प्रत्येक ओढीबरोबर नाव पुढे झेपावते, आणि वल्हं पाण्याबाहेर असतानाही ती थांबत नाही, सरकत राहते. बुडाखाली पाणी खळखळतं ते फळीतून तळपायांना कळतं.

“मावशी, खाली बघ,” भाची म्हणाली. पाणी इतकं उथळ होतं की तळाची पाणवनस्पती एका दिशेला झुकलेली स्पष्ट दिसत होती. आधुनिक बोट इथे रुतली असती.

मग शीड चढलं. चौकोनी, एकच. दोर खेचून आडवी काठी डोलकाठीवर वर गेली, कापड एकदा फडफडलं आणि फुगलं, नि नाव एका कुशीवर कलली. सुकाणू नावेच्या मागे मधोमध नसतं. उजव्या काठाला बाहेरून बांधलेलं ते एक रुंद, लांब वल्हंच असतं, आणि त्याचा दांडा आडवा आत येतो. नावाडी बाईनं मला तो धरू दिला. बोटांनी ढकलावा एवढाच जोर पुरतो. वाऱ्याच्या तोंडावर मात्र या शिडाला फार चढता येत नाही. वारा उलटा असेल तर वाट पाहायची किंवा वल्ही काढायची. सत्तर माणसं घेऊन लाँगशिपवाले आठवडाभर अनुकूल वाऱ्याची वाट पाहत किनाऱ्यावर बसत असतील, तेव्हा त्यांना खायला कुठून मिळे, याचं उत्तर त्या किनाऱ्यावरच्या गावांना चांगलंच ठाऊक असणार.

दोन नंबरची प्रतिकृती धक्क्याला बांधलेली होती. नाव ‘हावहिंगस्टेन फ्रा ग्लेंडालोख’, म्हणजे ग्लेंडालोखचा सागरी अश्व. ग्लेंडालोख हे आयर्लंडमधलं ओकच्या रानाचं खोरं. चार वर्षं बांधकाम चाललं, २००४ मध्ये राणी मार्गारेट दुसरी हिच्या हस्ते तिचं जलावतरण झालं. १ जुलै २००७ला साठेक स्त्रीपुरुष तिच्यातून निघाले: नॉर्वे, मग उत्तर समुद्र ओलांडून ऑर्कनी, स्कॉटलंडचा पश्चिम किनारा, आणि १४ ऑगस्टला डब्लिन. वाटेत वारा पडल्यामुळे उत्तर समुद्रातलं काही अंतर तिला दुसऱ्या जहाजानं ओढून न्यावं लागलं. गारठा, ओले कपडे, बसल्या जागी झोप. पुढच्या वर्षी इंग्लिश खाडीमार्गे ती परत आली. त्या सफरीच्या ९६५ वर्षं आधी जिथली झाडं तोडून मूळ जहाज बांधलं, तिथे त्याची प्रतिकृती बहुतेक वाट स्वतःच्या शिडावर नि वल्ह्यांवर जाऊन आली, हे मला फार मोठं वाटतं. पुस्तकातला अंदाज आणि समुद्रातला अनुभव यांत जे अंतर असतं, ते या माणसांनी अंगावर घेऊन कमी केलं.

धक्क्यावर उभं राहून त्या नावेचं रूप न्याहाळताना मन भरून येतं. आणि तेवढ्यातच आठवतं की हे रूप कशासाठी घडवलं होतं. ७९३ साली इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर हल्ला झाला. ८४५ मध्ये असाच ताफा सीन नदीतून थेट पॅरिसपर्यंत गेला आणि ७,००० पौंड चांदी घेऊनच परतला. समुद्रापासून दूर नदीकाठी राहणाऱ्यांना समुद्राची भीती का वाटावी? पण मीटरभर पाण्यात तरंगणारं जहाज नदी चढून येतं, आणि नदी संपली तर माणसं ते ओढत पुढच्या नदीपर्यंत नेतात. पूर्वेकडे बाल्टिकमधून रशियातल्या नद्यांच्या वाटेनं ते अशाच हलक्या नावांतून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पोचले. आणि ज्या डब्लिनमध्ये दोन नंबरचं जहाज बांधलं, तो त्या काळी गुलामांचा मोठा बाजार होता. पळवलेली माणसं, बायका, मुलं अशाच फळ्यांवर बांधून आणली जात. या जहाजाचं सौंदर्य आणि त्याच्या बुडाशी बसलेली ती माणसं, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवावी लागतात. एकासाठी दुसरं पुसता येत नाही.

रशियातल्या त्याच नद्यांच्या वाटेनं वस्तूही सरकत होत्या. स्वीडनमध्ये हेल्गो बेटावर १९५६ मध्ये एक छोटी कांस्य बुद्धमूर्ती सापडली. भारतीय उपखंडाच्या वायव्येकडून, बहुधा स्वातच्या खोऱ्यातून, सहाव्या शतकाच्या आसपास घडवलेली. किती हातांतून गेली असेल ती! शेवटचा टप्पा तरी तिनं बहुधा नावेतूनच केला असणार.

जहाजाचा आणखी एक उपयोग पाहायचा राहिला होता. तो पाहायला आम्ही फ्यून बेटावर गेलो. गाडी स्टोरेबेल्ट सामुद्रधुनीखालच्या बोगद्यातून आणि मग लांबलचक पुलावरून जाते. ओडेन्सेला उतरून केर्टेमिंडे गावाजवळच्या लाडबीला. शेताच्या कडेला गवतानं माखलेली टेकडी, तिला एक दार. १९३५ साली पॉल हेल्वेग मिकेल्सेन या औषधविक्रेत्यानं, जो हौशी पुराणवस्तुसंशोधकही होता, इथे जहाज शोधून काढलं. ९२५च्या सुमारास इथल्या कुणा मोठ्या सरदाराला त्याच्या २१.५ मीटर लांब लाँगशिपमध्ये ठेवून वर माती घातली होती.

दार सरकलं की काचेच्या पेटीत ते दिसतं. लाकूड एक काडीही उरलेलं नाही. ते मातीत विरघळून गेलं, पण विरघळताना मातीवर आपला ठसा सोडून गेलं: प्रत्येक फळीची ओळ, आणि त्या ओळींवर सुमारे दोन हजार खिळे आपापल्या जागी. पुढच्या टोकाला मातीत लोखंडाच्या वळ्या आहेत, ड्रॅगनच्या आयाळीच्या. डोकं लाकडाचं होतं, गेलं, आयाळ राहिली. जवळच साखळीसकट नांगर. आणि पुढच्या भागात अकरा घोड्यांचे सांगाडे, शिवाय कुत्रे. मुख्य माणूस मात्र नाही. वायकिंग काळातच कुणीतरी थडगं फोडलं, अंत्यविधीचं सामान विस्कटलं. घराण्याची प्रतिष्ठाच मोडायची असेल, असं जाणकार मानतात. चांगलं चालतं जहाज, अकरा घोडे, हे सगळं मातीत घालण्याची ऐपत दाखवणं हाच त्या विधीचा अर्थ असेल, तर ते उकरून टाकण्याचाही अर्थ स्पष्ट आहे.

लाडबीच्या जहाजाचीही प्रतिकृती झाली आहे. स्थानिक स्वयंसेवकांनी काही वर्षं खपून ती बांधली आणि २०१६ मध्ये पाण्यात सोडली. संग्रहालयामागच्या उतारावरून आम्ही खाली गेलो तेव्हा ती धक्क्याला होती आणि दोन वयस्कर गृहस्थ फळ्यांना डांबराचा हात मारत होते. एक निवृत्त शिक्षक, दुसरा अजूनही शेती करणारा. भाची त्यांच्याशी बोलत बसली, मी खिळ्यांच्या रांगा पाहत होते. आठवड्यातून एकदा संध्याकाळी नाव बाहेर काढतात, बत्तीस वल्ह्यांना माणसं कधीच पुरत नाहीत, डाव्या बाजूला तर हमखास जागा रिकामी असते, असं शेतकरी गृहस्थांनी सांगितलं. कोपनहेगनहून येणं दूर पडेल, हे त्यांना मान्य होतं, पण उन्हाळ्यात एखादी फेरी जमेल की. भाचीनं हाताचे तळवे पाहिले, खाडीतल्या वल्ह्यानं उठलेले फोड अजून बसले नव्हते. मग तिनं त्यांच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि त्यांच्या वहीत डाव्या बाजूच्या यादीत आपलं नाव लिहिलं.